इंग्लंडची लढाऊ विमानं हवेत बंद पडत होती, फॉल्ट काढला बाईकवरून फिरणाऱ्या शिलिंगबाईंनी

ज्यांच्या घरी कधीकाळी बजाज चेतक होती त्यांना हे दृश्य पाठ असेल. सकाळी ऑफिसच्या घाईत वडील चार-पाच किका मारायचे, स्कूटर दाद द्यायची नाही. मग हँडल धरून अख्खी स्कूटर एका बाजूला आडवी करायची, दोन-चार सेकंद तशीच धरायची, सरळ करून पुन्हा किक मारायची. की लगेच फर्रर्र.

यात जादू काही नव्हती. गाडी आडवी केली की कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी हलते आणि थोडं जास्तीचं पेट्रोल इंजिनाकडे सरकतं. थंड इंजिनाला तेवढं पुरतं.

पण हाच प्रकार जमिनीवरच्या स्कूटरऐवजी आकाशातल्या लढाऊ विमानात झाला तर? मागे शत्रू लागलाय आणि पेट्रोल भलतीकडे सरकल्यामुळे इंजिनच बंद पडलंय. १९४० साली इंग्लंडच्या वैमानिकांसोबत नेमकं हेच होत होतं. त्यावर तोडगा निघाला तो एका भोक पाडलेल्या पितळी तुकड्यातून आणि तो काढला एका खाटकाच्या मुलीनं. तिचं नाव बिॲट्रिस शिलिंग. लोक तिला टिली म्हणायचे.

टिलीचा जन्म ८ मार्च १९०९ चा, दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातल्या वॉटरलूव्हिल गावचा. वडिलांचं मटणाचं दुकान. मुलगी लहानपणापासून वेगळी. खाऊच्या पैशातून ती हत्यारं आणायची, पाने-पकडी जमवायची. चौदाव्या वर्षी तिनं मोटारसायकल घेतली, टू-स्ट्रोक रॉयल एनफिल्ड. नुसती चालवायची नाही, तर खोलून पुन्हा जोडायची. इंजिनिअर व्हायचं हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता १९२० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये मुलीनं इंजिनिअर व्हायचं म्हणजे काय, याचा अंदाज बांधता येईल. पण तिला एक बाई भेटल्या, मार्गारेट पार्ट्रिज. डेव्हन भागात गावोगावी वीज पोचवणारी त्यांची स्वतःची कंपनी होती आणि त्या मुद्दाम मुलींना कामावर घ्यायच्या. शाळा संपल्यावर टिली तिथं लागली. तीन वर्षं घराघरांत वायरिंग केलं, जनरेटर बसवले. पोरगी इथंच अडकायला नको, असं पार्ट्रिजबाईंना वाटलं आणि त्यांनी तिला कॉलेजात जायला भाग पाडलं.

मँचेस्टर विद्यापीठात १९३२ ला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, पुढच्याच वर्षी मेकॅनिकलमध्ये मास्टर्स. त्यानंतर बर्मिंगहॅम विद्यापीठात एका प्राध्यापकांच्या हाताखाली सुपरचार्ज केलेल्या इंजिनांवर संशोधन. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. हे काम पुढं तिच्या फार उपयोगी पडणार होतं.

आणि सुट्टीच्या दिवशी? रेसिंग. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा काँक्रीटचा ट्रॅक होता. तिथं शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारणाऱ्याला गोल्ड स्टार मिळायचा. शिलिंगनं १९३४ मध्ये आपल्या ५०० सीसी नॉर्टनवर ताशी १०६ मैलांनी लॅप मारला, म्हणजे आपल्या हिशोबानं ताशी १७० किलोमीटर. मोटारसायकलवर हा गोल्ड स्टार मिळवणाऱ्या बायका त्या ट्रॅकच्या अख्ख्या इतिहासात तीनच झाल्या. त्यातली ही एक.

१९३६ मध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये तिला नोकरी लागली. ही ब्रिटिश सरकारची विमान संशोधन संस्था. सुरुवातीला काम मिळालं ते माहितीपुस्तिका लिहायचं, म्हणजे हातात पाना देण्याऐवजी पेन दिलं. ते काही तिला मानवलं नाही. लवकरच ती इंजिन विभागात गेली आणि विमानांच्या कार्ब्युरेटरचं काम तिच्याकडे आलं. तिथल्याच जॉर्ज नेलर या सहकाऱ्याशी १९३८ मध्ये तिनं लग्न केलं. आधी ब्रुकलँड्सचा गोल्ड स्टार मिळव, मगच लग्न करीन, अशी अट तिनं नेलरला घातली होती अशी एक आख्यायिका आहे. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण अशी आख्यायिका कुणाबद्दलही तयार होत नाही.

पुढच्याच वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं.

ब्रिटिश हवाई दलाची भिस्त दोन लढाऊ विमानांवर होती, स्पिटफायर आणि हरिकेन. दोन्हींत इंजिन एकच. रोल्स-रॉइसचं मर्लिन. २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं आणि त्या वेळी हजाराच्या वर हॉर्सपॉवर देणारं. (हेच मर्लिन असलेली हरिकेन पुढं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनीही उडवली.) इंजिन जबरदस्त होतं यात वाद नाही. पण १९४० मध्ये फ्रान्सवर आणि नंतर खुद्द इंग्लंडवर हवेतल्या लढाया सुरू झाल्या तशी वैमानिकांकडून एकच तक्रार यायला लागली.

समोरचं जर्मन मेसरश्मिट १०९ अडचणीत आलं की नाक खाली करून सरळ सूर मारायचं. ब्रिटिश वैमानिकानं त्याच्यामागे तसंच नाक खाली केलं की मर्लिन आचके द्यायचं, ताकद जायची, कधी पूर्ण बंद पडायचं. दोन-तीन सेकंदांत इंजिन परत धरायचं, पण तेवढ्यात जर्मन विमान हातचं निसटलेलं असायचं. हे झालं पाठलाग करताना. पाठलाग आपलाच होत असेल तर त्या दोन-तीन सेकंदांची किंमत वेगळी सांगायला नको.

जर्मनांना हा त्रास नव्हता. त्यांच्या डाइम्लर-बेंझ इंजिनात कार्ब्युरेटरच नव्हता, पेट्रोल पंपानं थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं. विमान सरळ असो, उलटं असो, इंजिनाला फरक पडायचा नाही. १९४० मध्येच हाती लागलेलं एक मेसरश्मिट इंग्रजांनी स्वतः उडवून पाहिलं, तेव्हा हा फरक त्यांना चांगलाच कळला.

मग रोल्स-रॉइसनं कार्ब्युरेटर ठेवलाच का? तर तो त्यांचा बावळटपणा नव्हता. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुपरचार्जरच्या आधी हवेत मिसळतं आणि त्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता शोषून घेते. हवा थंड झाली की दाट होते, सिलिंडरमध्ये जास्त मावते आणि इंजिन जास्त ताकद देतं. म्हणजे ताकदीसाठी जाणूनबुजून केलेली ती निवड होती. तिची किंमत अशी मोजावी लागेल हे तेवढं हिशोबात धरलं गेलं नव्हतं.

वैमानिकांनी आपल्या परीनं जुगाड काढला. सरळ सूर मारण्याऐवजी ते आधी विमान उलटं करायचे आणि मग काठी ओढून खाली जायचे. त्यामुळं पेट्रोल बसल्या जागी दाबलेलं राहायचं. पण उलटं होण्यात वेळ जायचा आणि तोवर जर्मन पुढं गेलेला असायचा.

आता मुद्दा फॉल्टचा. त्यासाठी कार्ब्युरेटरच्या पोटात डोकवायला लागेल.

कार्ब्युरेटरच्या बाजूला एक छोटी डबी असते, फ्लोट चेंबर. आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉल व्हॉल्व्ह असतो ना, तस्संच हे. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर तरंगतो आणि सुई पुढं सरकून येणारं पेट्रोल बंद होतं. पातळी खाली गेली की फ्लोट खाली, सुई मागं, पेट्रोल चालू. डबीच्या तळाशी जेट असतात, तिथून पेट्रोल इंजिनाकडे ओढलं जातं. साधी, स्वस्त, शंभर वर्षं चाललेली रचना. अट एकच, पेट्रोल तळाशी राहिलं पाहिजे.

आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो तो आठवा. शरीर सीटवरून उचललं जातंय असं वाटतं. विमानाचं नाक झटकन खाली केलं की हाच प्रकार कितीतरी जोरात होतो. पट्टे नसतील तर वैमानिक छताला जाऊन आपटेल. आणि जे वैमानिकाचं होतं तेच डबीतल्या पेट्रोलचं. ते उडून वरच्या झाकणाला चिकटतं. तळाचे जेट उघडे पडतात, इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, इंजिन आचका देतं.

बहुतेकांची समजूत इथंच थांबते. इंजिन बंद पडलं म्हणजे पेट्रोल कमी पडलं. पण गोष्ट इथं संपत नव्हती.

विमान तसंच खाली जात राहिलं तर दुसरा झटका यायचा आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असायचा. या वेळी एक्झॉस्टमधून काळा धूर निघायचा. जुन्या पेट्रोल पिकअपवर हात काळे केलेला कुठलाही मेकॅनिक या धुरावरून पटकन सांगेल की गाडी उपाशी नाहीये, तिला अजीर्ण झालंय. गाडी चढावर दम टाकते, बंद पडते, तेव्हा तो आधी स्पार्क प्लग काढून बघतो. प्लग पांढरट असेल तर पेट्रोल कमी येतंय. म्हणजे फिल्टर तुंबलाय, पंप गेलाय नाहीतर जेटमध्ये कचरा आहे. प्लग काजळीनं काळा असेल तर उलटं, पेट्रोल ओव्हर होतंय. चोक अडकलाय किंवा फ्लोटची सुई बसत नाहीये. लक्षण एकच, गाडीची ताकद जाणं. पण रोग एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध. एकावरचं औषध दुसऱ्याला दिलं तर गाडी आणखी बिघडते.

मर्लिनमध्ये हे दोन्ही रोग एकापाठोपाठ एक येत होते, गोम ती होती. पेट्रोल वर गेलं की डबीतलं गणितच उलटं व्हायचं. फ्लोट तळाकडे ढकलला जायचा. फ्लोट खाली म्हणजे टाकी रिकामी, अशी सुईची समजूत. ती सताड उघडायची. आणि मागं पंप होता तो इंजिनाच्या भुकेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल ढकलू शकणारा, कारण कधीच कमी पडू नये म्हणून तो तसाच बनवलेला. त्या पंपाचं सगळं पेट्रोल उघड्या सुईतून आत घुसायचं, डबी तुडुंब भरायची आणि तिथून ते सुपरचार्जरमध्ये जायचं. हवेपेक्षा पेट्रोल जास्त, मग स्फोट होणार कशाचा? इंजिन पेट्रोलमध्ये बुडून बंद.

शिलिंगबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन झटक्यांचा वेगवेगळा विचार केला. (आता त्यांना बाई म्हणायला हरकत नाही, वय तिशीच्या पुढं गेलं होतं आणि हाताखाली माणसं होती.) पहिला झटका, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याचा, क्षणभराचा होता. तो वैमानिक सहन करू शकत होता. जीव घेणारा होता तो दुसरा, पेट्रोल जास्त होण्याचा. मग आधी तोच थांबवायचा.

जर्मनांसारखं इंजेक्शन बसवायचं किंवा कार्ब्युरेटर नव्यानं बनवायचा, तर त्याला वेळ लागणार. शेकडो विमानं कारखान्यात परत बोलावणं लढाईच्या काळात शक्यच नव्हतं. शिलिंगबाईंनी हिशोब मांडला तो साधा. इंजिन पूर्ण ताकदीवर असताना जास्तीत जास्त किती पेट्रोल खातं? तेवढंच पेट्रोल जाऊ शकेल असा अडथळा नळीत टाकला तर? मग सुई कितीही उघडो, पंप कितीही ढकलो, इंजिनाच्या भुकेपेक्षा जास्त पेट्रोल येणारच नाही.

हा अडथळा म्हणजे शिवणकामाच्या अंगुस्तानासारखा पितळी तुकडा, मध्ये नेमक्या मापाचं भोक. पुढं तो आणखी साधा झाला आणि नुसता चपटा वॉशर उरला. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पेट्रोलची नळी सोडवायची, वॉशर टाकायचा, नळी परत जोडायची. इंजिन उतरवायची गरज नाही. खरी कारागिरी भोकाच्या मापात होती. भोक लहान झालं तर ऐन लढाईत पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन उपाशी मरणार, मोठं झालं तर वॉशर असून नसल्यासारखा. वेगवेगळ्या बूस्टवर चालणाऱ्या इंजिनांची भूक वेगळी, म्हणून त्यासाठी वेगळ्या मापाचे वॉशर बनवले गेले.

१९४१ च्या सुरुवातीला शिलिंगबाई छोटी टीम घेऊन लढाऊ विमानांच्या तळांवर फिरल्या आणि हे वॉशर बसवून घेतले. त्या स्वतः जायच्या आपल्या जुन्या नॉर्टनवरून. युद्धाच्या काळात बाईकवरून एक बाई तळावर उतरते आणि स्पिटफायरच्या इंजिनाला हात घालते, हे चित्र तिथल्या पोरांच्या कायमचं लक्षात राहिलं. कागदोपत्री त्या वॉशरचं नाव होतं आरएई रिस्ट्रिक्टर. वैमानिकांनी त्याला ठेवलेलं नाव होतं मिस शिलिंग्ज ऑरिफिस, म्हणजे शिलिंगबाईंचं भोक. बरॅकमधला चावट विनोद होता तो. आणि लग्न होऊन दोन वर्षं उलटली तरी त्यांना मिस करून ठेवलं ते वेगळंच.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण इंटरनेटवर ती सर्रास चुकीची सांगितली जाते. शिलिंगबाईंच्या वॉशरनं बॅटल ऑफ ब्रिटन जिंकून दिली असं म्हणतात. ती लढाई १९४० च्या उन्हाळ्यात आणि शरदात झाली, वॉशर तळांवर पोचले ते त्यानंतर. ती लढाई वैमानिकांनी आचके देणाऱ्या इंजिनांवरच लढली. वॉशरचा फायदा झाला तो पुढच्या काळातल्या वैमानिकांना. आणि तो पूर्ण इलाजही नव्हता. पहिला छोटा झटका राहिलाच, विमान उलटं करून बराच वेळ उडवणंही जमत नव्हतं. तो तात्पुरता उपाय आहे हे शिलिंगबाईंना माहीत होतं. फ्लोटवर अवलंबून नसलेले प्रेशर कार्ब्युरेटर १९४३ मध्ये वापरात आले तेव्हा कुठं हा विषय मिटला. पण मधली दोन वर्षं त्या वॉशरनं भागवून नेली.

युद्धानंतर त्यांना ओबीई हा सन्मान मिळाला. नोकरी फार्नबरोतच १९६९ पर्यंत सुरू राहिली. ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्रावर काम केलं, ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात हे तपासलं, हवाई दलाच्या खेळाडूंसाठी बर्फावर घसरणारी बॉबस्लेही बनवून दिली. नवरा जॉर्ज युद्धात बॉम्बर विमानाचा पायलट होता, तो सुखरूप परतला होता. दोघांनी मिळून मग मोटारींच्या शर्यती सुरू केल्या. पन्नाशीत पोचल्यावरही बाई गुडवूडच्या ट्रॅकवर ऑस्टिन-हिली स्प्राइट पळवत होत्या.

१९६७ मध्ये अमेरिकन रेसर डॅन गर्नीच्या ईगल या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन तापायला लागलं तेव्हा सल्ल्यासाठी लोक गेले ते शिलिंगबाईंकडेच. म्हणजे निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना सरकारी नोकरीतल्या बाई फॉर्म्युला वनच्या गाडीचा फॉल्ट शोधत होत्या. ज्या वर्षी निवृत्त झाल्या त्याच वर्षी सरे विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

१८ नोव्हेंबर १९९० ला त्या गेल्या, वय ८१. त्यांची पदकं आणि रेसिंगच्या ट्रॉफ्या २०१५ मध्ये ब्रुकलँड्सच्या म्युझियमनं विकत घेतल्या, म्हणजे जिथं त्यांनी ताशी १०६ मैलांचा लॅप मारला होता तिथंच त्या परत गेल्या. आणि फार्नबरोमध्ये टिली शिलिंग नावाचा एक पबही निघाला.